पितळेवरच्या दोन रेघा

१

मनुष्याच्या मृत्यूस जो कारण झाला त्याचा शोध घेणे हे न्यायाचे पहिले कर्तव्य आहे, यात संशय नाही. परंतु शोध घेणाऱ्यांच्या मनात शोक असेल, बाहूंत बळ असेल आणि समोर एखादा एकाकी वृद्ध असेल, तर त्या शोधाचे शिक्षेत रूपांतर व्हायला अर्धा दिवसही लागत नाही. मृताच्या नावाने निरपराधाचा बळी दिला गेला तर मृताला न्याय मिळत नाही. त्याच्या नावावर एक पातक मात्र चढते. ही हकीकत ज्या प्रसंगाची आहे, त्यात असे पातक घडायला अवघे काही तास उरले होते.

मंगळवारी भर दुपारी दगडखाणीच्या स्फोटक-कोठारावर हल्ला झाला. गोळीबार ऐकताच कामगार यंत्रघरात शिरले, दारे लावून बसले आणि भोंगा वाजवत राहिले. पाव तासाने सर्व शांत झाल्यावर ते फाटकाकडे आले, तेव्हा त्यांना प्रथम दिसला तो डोंगर.

डोंगर हे त्याचे खरे नाव नव्हे. सव्वासहा फूट उंचीमुळे रक्षकदलाने त्याला दिलेले ते बिरूद होते. तो फाटकाच्या खांबाला टेकून बसल्यासारखा मरून पडला होता. उजव्या मांडीतून गोळी आरपार गेली होती आणि जखमेच्या वर त्याचाच कमरपट्टा आवळून बांधलेला होता. छातीत आणखी दोन गोळ्या होत्या, एकमेकींना खेटून. तिथला सदरा कडेने जळून काळा पडला होता. तीस पावलांवर हल्लेखोरांपैकी एक जण पालथा पडला होता आणि त्याचा जबडा जागेवर राहिला नव्हता. बाकीचे टेम्पोतून पसार झाले होते. कोठाराचे कुलूप शाबूत होते.

डोंगराच्या मांडीशी त्याची रायफल होती. तिला प्लास्टिकचे काळे मॅगझिन लावलेले होते. मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारा एक ओठ तुटला होता आणि त्या तुटक्या तोंडात एक काडतूस आडवे रुतून बसले होते.

शेजारी गुडघ्यांवर त्याचा सोबती बसला होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून सारे दल त्याला साडूच म्हणे. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"दादाची बंदूक अडकली. दोन गोळ्या सुटल्या आणि अडकली."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य प्रत्येकाच्या तोंडी झाले. दलाचा शस्त्रकार, ज्याला सगळे काका म्हणत, महिन्यापूर्वीच प्लास्टिकच्या मॅगझिनकडे बोट दाखवून सर्वांदेखत म्हणाला होता, "हे खेळणं एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार." ते आता सर्वांना आठवले, आणि आपला शब्द खरा करायला त्यानेच मॅगझिन बिघडवले असे ठरून गेले. डोंगराच्या तुकडीतले लोक त्याच्या कार्यशाळेत शिरले. त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. तीन बोटे मोडली. म्हाताऱ्याची शुद्ध गेली म्हणून चौथे वाचले.

गुरुवारी चार वाजता त्याला शहराच्या कोठडीत न्यायचे ठरले. रस्ता बावीस किलोमीटर घाटाचा होता, आणि गाडीत त्याच्याबरोबर बसायला सहा जण आपणहून पुढे आले होते. सहाही डोंगराच्या तुकडीतले.

२

गुरुवारी दहा वाजता चौकशी अधिकारी आला. प्रशिक्षण शाळेत त्याने वीस वर्षे शिकवले होते, त्यामुळे निम्मे दल त्याला मास्तर म्हणूनच ओळखत होते. हा गृहस्थ बोलण्यापेक्षा ऐकत अधिक असे.

"आलात ते बरं झालं, मास्तर," दलप्रमुख म्हणाला. "पण उशीर केलात."

"चार वाजायला सहा तास आहेत ना?"

"आहेत. पण माणसं माझ्या हातात राहिलेली नाहीत. काल जेवणाच्या पंगतीत कुणी एक शब्द बोललं नाही. इतकी शांतता मला आवडत नाही."

"गाडीबरोबर तुम्ही का जात नाही?"

दलप्रमुखाने टोपी काढून टेबलावर ठेवली. "गेलो तर काय, मी एकटा. ते सहा."

पुरावा टेबलावर मांडलेला होता. मॅगझिन म्हणजे रायफलीच्या पोटाखाली बसणारी काडतुसांची पेटी. आत स्प्रिंग काडतुसांना वर ढकलते. तोंडाशी दोन्ही बाजूंना वळलेले दोन ओठ त्यांना धरून ठेवतात आणि एका वेळी एकच पुढे जाऊ देतात. ओठ बिघडले की शूर मनुष्याच्या हाती नुसता सोटा उरतो. ही पेटी लोखंडी असावी की प्लास्टिकची, यावरून दलात सहा महिने भांडण चालले होते. त्याचा निकाल लावण्यासाठी चाचणी सुरू झाली होती: प्रत्येक जोडीत एकाकडे लोखंडी, दुसऱ्याकडे प्लास्टिकचे, प्रत्येकी एकच. डोंगराकडे प्लास्टिकचे होते, साडूकडे लोखंडी.

येथील रीत अशी की रायफली चौकीच्या. पहारा बदलला की नवा रक्षक भिंतीवरची कोणतीही रायफल उचली. मॅगझिन मात्र ज्याचे त्याच्या नावाचे, त्यावर नाव कोरलेले.

"भरताना किती भरतात?" मास्तरांनी विचारले.

"दोन्हींत तीस मावतात. पण काका लोखंडीत अठ्ठावीसच भरायचे. स्प्रिंग थकते म्हणायचे. प्लास्टिकच्यात कारखान्याच्या सूचनेप्रमाणे पुरते तीस."

"आणि सापडले किती?"

"तुटक्या मॅगझिनमध्ये सत्तावीस आणि ते आडवं एक. अठ्ठावीस. साडूचं रिकामं. जमिनीवर आपल्या काडतुसांच्या तीस रिकाम्या पुंगळ्या. म्हणजे डोंगराच्या दोन सुटल्या आणि साडूच्या अठ्ठावीस. आकडे चोख जुळतात."

"पुंगळ्या कुठे पडल्या होत्या?"

"कामगारांनी भलेपणानं गोळा करून डब्यात घातल्या. आणि आमच्या शहाण्यांनी दोन्ही रायफली शिस्तीप्रमाणे तेल लावून पुसून ठेवल्या."

"कोणत्या रायफलीतून कोणती गोळी सुटली, ते प्रयोगशाळा सांगेल."

"चाळीस दिवसांनी," दलप्रमुख म्हणाला. "तोपर्यंत काकांचं काय उरणार?"

मास्तरांनी तुटक्या मॅगझिनमधली काडतुसे एकेक करून अंगठ्याने बाहेर काढली आणि खिडकीतल्या उन्हात ओळीने उभी केली. नवे पितळ लखलखत होते. प्रत्येकाच्या अंगावर, मानेपासून बुडापर्यंत, केसाइतक्या बारीक दोन समांतर रेघा होत्या.

अठ्ठाविसांवरही होत्या. त्यांचा अर्थ मात्र मास्तरांना लागला नाही.

३

शस्त्रकाराला रिकाम्या वखारीत ठेवले होते. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, मनगटापर्यंत निळा.

"काका, दुखतंय?"

"दुखतंय म्हणजे हात अजून माझाच आहे. चहा डाव्या हातानं पितो. गोड तेवढाच लागतो."

मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "तुम्ही म्हणाला होतात की हे मॅगझिन जीव घेईल."

"म्हणालो होतो. तीस वर्षं लोखंड घासलं, तासलं, ओठ सरळ केले. एक दिवस डब्यातून काळी प्लास्टिकची खेळणी निघाली आणि साहेब म्हणाले, आता ही बघा. राग येणार नाही?"

"मग चाचणीत काय आढळलं?"

म्हाताऱ्याने हनुवटीने कोटाकडे खूण केली. "माझ्या कोटाच्या आतल्या खिशात वही आहे. माझ्या हातानं निघणार नाही."

मास्तरांनी वही काढली. अक्षर मोत्यासारखे होते. पाण्याच्या टाकीवरून खाली फरशीवर, भरलेली मॅगझिने चाळीस वेळा टाकली. लोखंडी: नवव्या वेळी ओठ वाकला, दोन काडतुसे एकदम वर आली. प्लास्टिक: चाळीस वेळा, इजा नाही. चिखलात, उन्हात, गाडीच्या चाकाखाली. तीन पाने भरली होती. चाकाखाली लोखंडी चेपले ते चेपलेच. प्लास्टिकचे दबले आणि पूर्ववत झाले.

"म्हणजे प्लास्टिकचं चांगलं निघालं."

"पडण्याझडण्यात चांगलं. बिनभरवशाचं ते नव्हतं. बिनभरवशाचा मी निघालो. हे साहेबांना सांगायला हवं होतं. महिना झाला, सांगवलं नाही. जीभ उचलेना."

"हे वाचून लोक म्हणतील, मॅगझिन मजबूत होतं, तर मग ते काकानंच बिघडवलं."

"म्हणतील ना. दाखवा ते मला."

मास्तरांनी तुटके मॅगझिन त्याच्या डाव्या तळहातावर ठेवले. शस्त्रकाराने ते उजेडाकडे वळवले आणि तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा बदलला.

"स्प्रिंग काडतूस वर ढकलते. ओठ दमला तर बाहेरच्या बाजूला फाकतो, बाहेरच मोडतो. हा आत मोडलाय. आणि तुटलेली जागा बघा, स्वच्छ आहे, काजळीचा कण नाही. बाकी तोंडभर काजळी आहे."

"दोन गोळ्यांची एवढी काजळी?"

"दोनची नव्हे. पुष्कळ सुटल्यात." त्याने मान हलवली. "मास्तर, हे तुटलेलं नाही. कुणीतरी दगडासारख्या कशावर आपटून तोडलंय."

"कोण तोडेल?"

"तोच तर घोळ आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तोडायची अवजारं या दलात एकट्या माझ्याजवळ असतात."

४

भांडारप्रमुख हा भित्रा पण सरळ मनुष्य होता. प्लास्टिकची मॅगझिने त्यानेच मागवली होती आणि मंगळवारपासून त्याला झोप नव्हती.

"मला यात ओढू नका, मास्तर. आलं ते उघडायचं, मागितलं ते द्यायचं, एवढंच माझं काम."

"मंगळवारी त्या दोघांकडे होती ती काडतुसं कुठली?"

"नव्या पेटीतली. सोमवारी सकाळी माझ्यासमोर सील फोडलं. काकांनी माझ्यासमोर दोन्ही मॅगझिनं भरली. अठ्ठावीस आणि तीस. मी शेजारी उभा होतो, कारण काका भरताना प्लास्टिकला शिव्या घालत होते आणि मला ऐकायला मजा येत होती." तो ओशाळला. "आता नाही येत."

"त्यापूर्वी ती काडतुसं कुठल्या मॅगझिनमध्ये गेली होती?"

"कशी जातील? कारखान्यातून निघाली ती थेट इथे."

तेथून मास्तर वसाहतीत गेले. दोन्ही बहिणी एकाच जिन्यावर समोरासमोर राहत. थोरली, डोंगराची विधवा, धाकटीच्या घरी खुर्चीत बसली होती. डोळे कोरडे, हात मांडीवर. धाकटी तिच्या पायाशी. साडू दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"सांगा, काय झालं," मास्तर म्हणाले.

"टेम्पो आला. चौघं उतरले. दादा पुढे झाला, दोन गोळ्या झाडल्या, त्यांचा एक पाडला. मग खट्ट झालं. त्यानं खाली बघितलं, तेवढ्यात त्याला लागल्या. मी टाकीच्या आडून सगळ्या झाडल्या. ते पळाले."

"यांनी एकट्यानं पळवलं त्यांना," धाकटी म्हणाली. "तिघांना."

"छातीवरच्या गोळ्या किती अंतरावरून लागल्या?"

"फाटकाबाहेरून. वीसेक पावलं असतील."

"आणि मांडीला पट्टा कुणी बांधला?"

"मी. ते गेल्यावर."

"छातीतून रक्त वाहत होतं, आणि तुम्ही मांडी बांधली?"

"सुचलं नाही, साहेब. जे दिसलं ते बांधलं."

"नका हो छळू त्यांना," धाकटी म्हणाली. "दोन दिवस पोटात अन्न नाही. रात्री झोपेत ओरडतात."

"काय ओरडतात?"

"काही नाही. नुसतं 'टाकतो, टाकतो' म्हणतात."

थोरलीने मान वर केली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "साहेब, त्या म्हाताऱ्याचा एक हात मोडला म्हणे."

"हो, बाई."

"दुसराही मोडायला हवा होता. माझा माणूस दारात मेला, हातात तो प्लास्टिकचा डबा घेऊन. त्या म्हाताऱ्याला आज न्यायचंय ना? मी गाडीशी येणार आहे. मला बघायचंय त्याला जाताना."

साडूने दाराची चौकट घट्ट धरली. मास्तरांनी ते पाहिले. त्यांच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

५

कार्यशाळेत मास्तर एकटेच शिरले. शिकंज्याच्या जबड्यावर वाळलेले रक्त तसेच होते. त्यांनी एक लोखंडी मॅगझिन घेतले, एक प्लास्टिकचे, आणि सोमवारच्या त्याच पेटीतली साठ काडतुसे.

मास्तरांनी आयुष्यभर मुलांना सांगितले होते की जे कळत नाही ते हाताने करून पाहावे. त्यांनी प्लास्टिकचे मॅगझिन भरले आणि रिकामे केले. काडतुसे उन्हात धरली. पितळ स्वच्छ होते, जसे पेटीतून निघाले तसे. मग लोखंडी भरले. अंगठ्याने एक काडतूस पुढे ढकलून बाहेर काढले. त्यावर दोन बारीक समांतर रेघा होत्या. दुसरे काढले. दोन रेघा. तिसऱ्यावर, चौथ्यावर, दोन रेघा. लोखंडाचा ओठ पितळेहून कठीण; त्यातून जाणाऱ्या प्रत्येक काडतुसावर तो ओरखडा काढतो. प्लास्टिकचा ओठ मऊ. त्याची खूण राहत नाही.

मास्तर स्टुलावर बसले. तुटक्या प्लास्टिकच्या मॅगझिनमधल्या अठ्ठाविसांपैकी प्रत्येकावर दोन रेघा होत्या. म्हणजे ती काडतुसे कधीतरी लोखंडी मॅगझिनमध्ये होती. आणि सोमवारपूर्वी ती कोठेच नव्हती.

त्यांनी पुंगळ्यांचा डबा उघडला. डबा टेबलावर पालथा केला. तीस पुंगळ्या. साडूच्या सांगण्याप्रमाणे यांतल्या अठ्ठावीस लोखंडातून सुटल्या होत्या. त्यांनी एकेक फिरवून पाहिली. पहिली स्वच्छ. दहावी स्वच्छ. विसावी स्वच्छ.

तिसावी हातात असतानाच बाहेर गाडीचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. घड्याळात अजून तीनही वाजले नव्हते.

६

पटांगणात चाळीसेक माणसे होती. गाडीचा मागचा दरवाजा उघडा होता. दोघांनी शस्त्रकाराला काखेतून धरून ओढत आणले होते. तिसऱ्याने जाता जाता त्याच्या बांधलेल्या हातावर बुटाची टाच ठेवली आणि दाबली. म्हातारा किंचाळला नाही, फक्त खाली बसला. कोणीतरी हसले. विधवा गाडीपासून पाच पावलांवर उभी होती. धाकटी तिला धरून. साडू पहाऱ्यावर होता, रायफल खांद्याला.

"थांबा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही बाजूला व्हा," सहांपैकी थोराड असलेला एक जण म्हणाला. "तुम्ही शिकवलंय आम्हाला, तुमच्यावर हात टाकायचा नाही."

"मग पाच मिनिटं पुन्हा विद्यार्थी व्हा. डोंगरासाठी." ते गाडीच्या पायरीवर चढले. एका हातात काडतूस, दुसऱ्या हातात पुंगळी. "यावर दोन रेघा आहेत. लोखंडी मॅगझिनच्या ओठातून गेलेल्या प्रत्येक काडतुसावर पडतात. ज्याला खोटं वाटेल त्यानं स्वतःच्या मॅगझिनमधून एक काढून बघावं. आत्ता."

कुतूहल हा रागाहून क्षणभर बलवान ठरतो. तीन-चार जणांनी मॅगझिन काढले. अंगठे हलले. माना खाली गेल्या.

"आहेत," एक जण म्हणाला.

"माझ्यावर नाहीत," दुसरा म्हणाला. "माझं प्लास्टिकचं."

"बरोबर. आता ऐका. डोंगराच्या प्लास्टिकच्या मॅगझिनमधून जी अठ्ठावीस निघाली, त्या सगळ्यांवर रेघा आहेत. आणि जमिनीवरच्या तीस पुंगळ्यांपैकी एकीवरही नाही."

मग तो थोराड मनुष्य हळूहळू म्हणाला, जणू गणित सोडवत होता, "म्हणजे सुटल्या त्या तीसही प्लास्टिकमधून सुटल्या."

"तीसही. एकही न अडकता. तुमचा डोंगर एकटा लढला. त्यानं त्यांचा एक माणूस पाडला, बाकीच्यांना मागे हटवलं, आणि त्याच्याजवळचं सगळं संपलं. मांडीला गोळी लागली होती. त्यानं स्वतःच पट्टा बांधला, कारण त्याला तेवढा वेळ मिळाला. मग ते परत आले. सदरा जळला इतक्या जवळून त्याला मारलं, आणि भोंगा वाजतच होता म्हणून कुलपाला हात न लावता पळाले. वीस पावलांवरून कापड जळत नाही. आणि त्या सगळ्या वेळात लोखंडी मॅगझिनमधली अठ्ठावीस काडतुसं भरलेलीच होती. ती नंतर हातानं काढली गेली, डोंगराच्या रिकाम्या मॅगझिनमध्ये घातली गेली, आणि त्याचा ओठ दगडावर आपटून तोडला गेला. रायफली चौकीच्या, त्या अदलाबदल करायला काय लागतं? ज्यानं केलं त्याला काकांची अठ्ठाविसाची रीत पक्की ठाऊक होती. म्हणूनच 'दोन सुटल्या' असं तो पहिल्या क्षणापासून म्हणत होता."

चाळीस माना एकाच दिशेला वळल्या.

साडूने रायफल खांद्यावरून काढली होती. गर्दी मागे सरली. त्याने ती कोणावर रोखली नाही. नळी स्वतःच्या हनुवटीखाली लावली आणि अंगठा खाली नेला. धाकटीने त्याला हाक मारली, ती त्याने ऐकलीही नसावी.

त्याच्या सर्वांत जवळ जमिनीवर बसलेला शस्त्रकार होता. उठायला त्याच्यात बळ नव्हते. त्याने बसल्या जागेवरून डाव्या हाताची मूठ नळीवर मारली. गोळी सुटली. साडूचा डावा कान आणि गालाची एक पट्टी उडाली, आणि तो म्हाताऱ्याच्या अंगावर कोसळला.

७

मग जे बोलणे झाले ते रक्ताच्या थारोळ्यात झाले. कोणी कापड दाबले, कोणी पाणी आणले. साडू आकाशाकडे पाहत बोलत होता.

"पाय हलले नाहीत. टाकीच्या मागे बसलो तो बसलोच. दादानं हाक मारली, 'साडू, मॅगझिन टाक.' आठ पावलं होती. नुसतं फेकायचं होतं. मी हातात घेतलं होतं, साहेब. हात खांद्याच्या वर गेला नाही."

"किती वेळा हाक मारली?"

हा प्रश्न मास्तरांचा नव्हता. थोरली जवळ येऊन उभी राहिली होती.

"तीन वेळा, ताई. तिसऱ्यांदा हळू म्हणाला. त्यांच्यासमोर त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम. त्यांना मी कळू नये म्हणून."

थोराड मनुष्याने बूट मागे घेतला, लाथ मारण्यासाठी. इतरही पुढे आले. तेव्हा शस्त्रकाराने आपले मोडके शरीर साडूच्या छातीवर आडवे टाकले.

"पुरे," तो म्हणाला. "मंगळवारी तुम्ही असेच चिडला होता. माझी बोटं मोजा आणि मग मारा."

बूट हवेत राहिला. मग तो खाली आला, जमिनीवर. त्या मनुष्याने तोंड फिरवले आणि गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकून तो रडू लागला. बाकीचे एकेक करून मागे गेले. एक जण वैद्य आणायला धावला. तोच, ज्याने शिकंज्याचा दांडा फिरवला होता.

थोरली खाली बसली. तिने शस्त्रकाराच्या बांधलेल्या हाताकडे पाहिले, स्पर्श केला नाही. "मी दुसरा हात मागितला होता, काका."

"कळलं मला, पोरी."

"मला क्षमा मागता येत नाही अजून."

"नको मागूस. घाई नाही."

मास्तरांनी वही म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. "अहवालात काय लिहू?"

"जे आहे ते. लोखंडाचा ओठ वाकतो, प्लास्टिकचा तगतो. आणि लिहा की शस्त्रकारानं ते महिनाभर दडवलं."

साडूला उचलून नेले. तो जगणार होता. तसे वैद्याने सांगितले. पुढे त्याच्यावर खटला होणार होता, आणि त्याचे त्याला काही वाटत आहे असे दिसले नाही. धाकटी पटांगणात एकटीच उभी राहिली. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. तिच्या पदरावर नवऱ्याचे रक्त होते आणि कोणत्या दाराने घरी जावे हे तिला उमगत नव्हते. कारण जिना एकच होता.

थोरलीने बराच वेळ तिच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत माया होती असे म्हणवणार नाही. मग ती चालत तिच्यापर्यंत गेली आणि तिचे मनगट धरले.

"चल," ती म्हणाली. "मुलं शाळेतून येतील. त्यांना कुणीतरी बाहेरचं सांगण्याआधी आपण सांगू."

दोघी गेल्या. वाटेत एकदा धाकटीचा पाय अडखळला. थोरलीने मनगट सोडले नाही.

जो तीनदा हाक मारून एकटा राहिला, त्याच्या आत्म्यास शांती लाभो. ज्या वृद्धाने आपला राग आणि आपली चूक दोन्ही स्वहस्ते लिहून ठेवली, त्याच्या बोटांना पुन्हा बळ येवो. ज्यांनी घाईने न्याय केला त्यांना विलंब शिकता येवो. ज्याचा हात त्या एका क्षणी उठला नाही, त्यालाही कधीतरी स्वप्नावाचून झोप मिळो. आणि त्या एका जिन्यावर समोरासमोर उघडणारी दोन्ही दारे, कितीही दिवस लागोत, पुन्हा उघडी राहोत.